खडीच्या खाणीतलं निळं धन

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात रत्नं नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. हिरे-माणकांपुरतं ते खरंही आहे. पण पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणी पाहिल्या की हा निकाल घाईचा वाटतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून त्यांत स्फटिक वाढले. कॅव्हन्साइट त्यांतलंच: पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले गडद निळ्या सुयांचे गोंडे, बहुधा सेंटिमीटरभराचे. ही निळाई व्हॅनेडियमची. हे खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण जगभरच्या संग्राहकांना हवे असतात ते वाघोलीचेच नमुने.

यावर आक्षेप असा, की कठीणपणाच्या मोहस् मापावर जेमतेम 3 ते 4 भरणारा दगड अंगठीत टिकणार नाही; मग त्याचं एवढं कौतुक कशाला? पण मोती आणि पोवळंही साधारण याच पट्टीत मोडतात, शिवाय दोन्ही प्राणिज. तरी नवरत्नांत त्यांची जागा पक्की! म्हणजे कठीणपणाची कसोटी आपणही कधी काटेकोर पाळलेली नाही. आणि मोल बाजारानेच ठरवायचं, तर अखंड हाती लागलेल्या एका उत्तम गोंड्याला ट्रकभर खडीहून जास्त किंमत येऊ शकते. अडचण एवढीच, की हे स्फटिक उघडे पडतात ते खडीसाठी सुरुंग उडवल्यावर, आणि त्यात चुराही होतात. दख्खनच्या पाषाणातली अशी खनिजं पाहायची असतील, तर सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय गाठावं.