जुन्या रेडिओस नवा आवाज

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठीं नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपल्या आजोबांचा जुना रेडिओ आणिला होता. लांकडी पेटी, हस्तिदंती रंगाचीं बटणें, काचेवर निरनिराळ्या शहरांचीं नांवें. मोबाईलमधील गाणें ह्या पेटींतून निघावें एवढीच त्याची इच्छा. त्यानें एक तार तयार करून आणिली होती. तिचें एक टोंक मोबाईलमध्यें बसविलें होतें व दुसरें तो रेडिओच्या मागील दोन भोकांत घालणार, इतक्यांत आम्हीं त्याचा हात धरिला. टेस्टरचें टोंक रेडिओच्या आंतील पत्र्याच्या सांगाड्यास लावितांच टेस्टरमधील दिवा लागला. घरांतील २३० व्होल्टची वीज त्या सांगाड्यांत थेट खेळत होती, आणि मोबाईल मुलाच्या हातांत होता.

"पण सर, तीं भोकें तर ह्याचसाठीं केलेलीं आहेत ना?" असें त्यानें विचारिलें. त्याचा प्रश्न अगदीं रास्त होता. त्याचें उत्तर घाईंत देतां आलें नाहीं, म्हणून तें येथें देत आहों.

नागपुरास आकाशवाणीचें केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. त्या काळचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चालत. अशा रेडिओचे दोन भाग कल्पावे. पहिला भाग आकाशांतून आलेली लहर पकडून तींतून ध्वनीची वीज निराळी काढतो. दुसरा भाग ती क्षीण वीज वाढवून कर्ण्यास, म्हणजे स्पीकरला, पुरवितो. ग्रामोफोनच्या तबकडीवरील सुईपासूनही अशीच क्षीण वीज मिळते. मग तिच्याकरितां निराळें यंत्र कशाला घ्यावें? म्हणून रेडिओ करणाऱ्यांनीं दोन्ही भागांच्या मध्यें एक दार ठेविलें. मागील दोन भोकें म्हणजे तें दार होय. पुष्कळ संचांवर त्यांच्याजवळ तबकडीचें लहानसें चित्र असतें, व पुढील बटण त्या खुणेवर फिरविलें कीं रेडिओ गप्प होऊन तबकडी गाऊं लागते. मोबाईलनें आंत यावयाचें तें ह्याच दारानें.

योगायोग असा कीं, हें दार मोबाईलच्या मापाचेंच आहे. त्या काळच्या स्फटिकाच्या पिकअपमधून सुमारें अर्धा व्होल्ट किंवा त्याहून थोडी अधिक वीज मिळे. मोबाईलच्या कर्णयंत्राच्या भोकांतूनही साधारण तितकीच मिळते. अमेरिकेंतील उपाहारगृहांत नाणें टाकून गाणें वाजविणारे जे ज्यूकबॉक्स असत, त्यांचें असें नाहीं. त्यांतील पुष्कळांना चुंबकी पिकअप असे, व त्याची वीज व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजावी इतकी थोडी. शिवाय तबकडी कोरतांना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, तो भरून काढण्याची सोय त्या यंत्राच्या पहिल्याच टप्प्यांत असते. तेथें मोबाईल जोडिला तर आवाज फाटून नुसता घुमतो. तेथें तो पहिल्या टप्प्याच्या पुढें जोडावा लागतो. तबकडी फिरत नसतां यंत्राचें तोंड बंद ठेवणारी एक कळही पुष्कळ ज्यूकबॉक्समध्यें असते. ती जाणून न घेतल्यामुळें चांगलें यंत्र बिघडलें असें समजून लोक तें उगाच उकलीत बसतात.

मोबाईल डावा व उजवा असे दोन ध्वनि देतो, रेडिओस एकच घेतां येतो. दोन्ही तारा पिळून एक करूं नयेत. तसें केल्यास मोबाईलचे दोन्ही बाजूंचे वर्धक एकमेकांवर जोर करूं लागतात. प्रत्येक तारेंत एक हजार ओहमचा एकेक रेझिस्टर डाख देऊन बसवावा व मग त्या एकत्र कराव्या. हें काम थोडक्या पैशांत होतें.

आतां सांगाड्यांतील विजेविषयीं. पूर्वीं कलकत्त्याच्या कांहीं भागांत व इतर कित्येक ठिकाणीं एकाच दिशेनें वाहणारी डी. सी. वीज होती. त्या विजेवर ट्रान्सफॉर्मर चालत नाहीं. म्हणून दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे संच निघाले, आणि ते हलके व स्वस्त असल्यानें इतरत्रही खपले. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळें त्यांत विजेची एक तार सरळ सांगाड्यास जोडलेली असते. भोकांच्या आड रक्षणासाठीं कंडेन्सर असत, परंतु साठ-सत्तर वर्षांच्या कागदी कंडेन्सरवर आपला जीव कोणीं सोंपवावा?

दोन पिनांचा प्लग उलटा बसविला म्हणजे तोच सांगाडा टेस्टरला निर्जीव भासतो. यास्तव टेस्टर लागला नाहीं एवढ्यानें निर्धास्त होऊं नये. प्लग भिंतींतून काढून, रेडिओचें बटण चालू स्थितींत ठेवून, प्लगची प्रत्येक पिन व सांगाडा यांमध्यें मीटर लावावें. वाट मोकळी दिसली तर संच ह्या जातीचा समजावा. मग सबंध रेडिओच निराळ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालविणें हाच मार्ग. ध्वनीच्या तारेंत बसविण्याचे लहान ट्रान्सफॉर्मर बाजारांत मिळतात, पण ते सर्वच घरांतील विजेचा आघात सोसण्यासाठीं केलेले नसतात. पालकांस आमची विनंति आहे कीं, हें काम मुलांच्या हातीं देऊं नये. प्लग काढल्यानंतरही आंतील कंडेन्सरांत धक्का देण्याइतकी वीज कांहीं काळ राहते.

वर्षानुवर्षें बंद असलेला संच एकदम सुरू करणें हेंही घातक. कागदी कंडेन्सर गळूं लागला कीं शेवटचा व्हॉल्व्ह तापतो, आणि त्याच्या मागोमाग स्पीकरचा ट्रान्सफॉर्मर जळतो. तसा पुन्हा मिळणें कठीण. जाणता कारागीर असे कंडेन्सर आधीं बदलतो, व पहिल्या वेळीं संचाच्या वाटेंत साठ वॅटचा जुना तारेचा बल्ब घालतो. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. प्रखरच राहिला तर आंत कांहीं तरी बिघडलें आहे.

आमच्या विद्यार्थ्याचा रेडिओ प्रदर्शनांत मुकाच राहिला, व मुलगा दोन दिवस आमच्याशीं नीट बोलला नाहीं. पुढें सीताबर्डींतील एका वृद्ध कारागिरानें त्याचे कंडेन्सर बदलून दिले, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसविला, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशीं रेडिओ सभागृहांत आला. बटण फिरविल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट कांहींच होईना, तेव्हां मुलें हंसूं लागलीं. मग मोबाईलमधील बांसरी त्या पेटींतून निघाली. आवाज किंचित् जाडसर, पण गोड होता. गाणें संपल्यावर आजोबा उठले. त्यांनीं बटण पुन्हा रेडिओच्या खुणेवर आणिलें व कांटा हळूहळू फिरवूं लागले. नुसती खरखर येत होती. सभागृहांतील एल.ई.डी. दिव्यांचा तो उपद्रव आहे हें लक्षांत येतांच आम्हीं ते मालविले, आणि अंधारांत मराठी बातम्या ऐकूं आल्या.