गुण कोणत्या औषधाचा?

वाळूमाशीच्या दंशाने पसरणारा काळा आजार हा बिहार व पूर्व उत्तर प्रदेश या भागांतील जुना रोग होय. यात प्लीहा वाढते, ताप हटत नाही आणि उपचार न झाल्यास रुग्ण बहुधा दगावतो. अँटिमनीची संयुगे हे अनेक दशके त्यावरील प्रमुख औषध होते. वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. श्याम सुंदर व त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर प्रदेशातील १११ रुग्णांपैकी सुमारे ८६ टक्के रुग्ण या औषधाने पूर्ण बरे झाल्याचे आढळले. बिहारमधील २०९ रुग्णांत हे प्रमाण अवघे ३५ टक्के निघाले.

उरलेले सारे रुग्ण दगावले, असा याचा अर्थ नव्हे. अशा रुग्णास अँफोटेरिसिन-बी हे दुसरे औषध देता येते व त्याने बहुतेकांना गुण येतो. ते न देणे कोणत्याही वैद्याला शोभणार नाही. परंतु मग अखेरीस 'रुग्ण हयात आहे काय' एवढेच विचारले, तर पहिले औषध निकामी झाले आहे हे कळणारच नाही. त्याचे अपयश दुसऱ्याच्या यशाखाली झाकले जाईल. म्हणून औषध बदलावे लागणे हेच पहिल्या औषधाचे अपयश मानून नोंदवावे लागते.

औषध बदललेले रुग्ण हिशेबातून गाळावेत, असे कोणी सुचवील. समजा, १०० रुग्णांपैकी ४० जणांचे औषध बदलले व उरलेल्या ६० पैकी ५४ बरे झाले. गाळून हिशेब केल्यास यश ९० टक्के. वस्तुतः ते १०० पैकी ५४ एवढेच आहे. औषध बदलणारे रुग्ण योगायोगाने बदलत नाहीत. ज्यांचा रोग हटत नाही तेच बदलतात.

ज्या रोगांत मृत्यू हीच मोजावयाची घटना असते, तेथे प्रश्न अधिक बिकट होतो. एड्सच्या विषाणूवरील झिडोव्हुडीन या औषधाच्या 'कॉन्कॉर्ड' चाचणीत १,७४९ जण होते. काहींना औषध ताबडतोब, तर काहींना लक्षणे दिसल्यावर द्यावयाचे होते. १९८९ मध्ये नियम सैल झाल्यावर दुसऱ्या गटातील अनेकांनी लक्षणांपूर्वीच औषध सुरू केले. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ९२ टक्के, तर दुसऱ्यातील ९४ टक्के हयात होते.

गटांची सरमिसळ झाल्याने फरक पुसला गेला काय? जेम्स रॉबिन्स व अनास्तासिओस त्सियातिस यांनी १९९१ साली सुचविलेली रीत येथे उपयोगी पडते. गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडलेले असल्याने, औषध कोणासच दिले नसते तर दोहोंचे आयुर्मान सारखे निघाले असते. तेव्हा औषध घेण्याच्या काळात आयुष्य किती पट लांबले असे मानले म्हणजे दोन्ही गट पुन्हा जुळतात, तो गुणक शोधावयाचा. उशिरा सुरू केलेले औषधही आयुष्य तेवढ्याच पटीने लांबविते, हे येथे गृहीत धरलेले असते. खंगलेल्या रुग्णाबाबत ते खरे असेलच असे नाही. शिवाय मूळ गटांच्या तुलनेतून औषधाच्या परिणामाचा जेवढा पुरावा मिळतो, त्याहून सबळ पुरावा ही रीत देत नाही. परिणाम असल्यास तो केवढा, एवढेच ती सांगते.