शेपटीवरचा कोरू

न्यूझीलंडच्या रानात नेच्याचं नवं पान उगवतं ते घट्ट गुंडाळलेलं. देठावर तपकिरी लव आणि टोकाशी आत आत वळत गेलेलं हिरवं वेटोळं. माओरी लोक या वळणाला कोरू म्हणतात. नव्या जीवाची ती खूण. एअर न्यूझीलंडच्या विमानांच्या शेपटीवर १९७३ पासून हाच कोरू आहे. डीसी-१० विमानं आली तेव्हा माओरी होडीवरच्या कोरीव कामातून तो उचलला गेला.

कंपनीचं माओरी भाषेशी नातं मात्र त्याहून जुनं. ३० एप्रिल १९४० रोजी ऑकलंडहून सिडनीला तिचं पहिलं उड्डाण झालं. तेव्हा तिचं नाव होतं 'टील', आणि पाण्यावर उतरणाऱ्या त्या विमानाचं 'आओतेआरोआ'. दंतकथा सांगते, की दर्यावर्दी कुपे अफाट समुद्रातून येत असताना त्याच्या बायकोला दूरवर ढग दिसला. ढग आहे म्हणजे खाली जमीन असणार! म्हणून न्यूझीलंडचं माओरी नाव आओतेआरोआ, लांब पांढऱ्या ढगाचा देश. समुद्र ओलांडणाऱ्या विमानाला याहून साजेसं नाव मला तरी सुचत नाही.

पण त्या काळी माओरी नाव विमानावर शोभायचं, माणसाच्या तोंडी खपायचं नाही. शेपटीवर कोरू येऊन अकरा वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. १९८४ मध्ये ऑकलंडच्या टेलिफोन ऑपरेटर नाइडा ग्लॅविश फोन उचलताना 'किया ओरा' म्हणायच्या. आपल्याकडे वडीलधारे 'औक्षवंत हो' म्हणतात, तसेच हे शब्द. त्यांतही आयुष्य आणि आरोग्य चिंतलेलं असतं. वरिष्ठांनी मनाई केली. ग्लॅविशबाई बधल्या नाहीत. देशभर ओरड झाली आणि अखेर मनाई उठली. १९८७ मध्ये माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली.

आज एअर न्यूझीलंडच्या विमानात पाऊल ठेवलं की 'किया ओरा' कानी पडतं. विमानातल्या मासिकाचं नावही तेच. २०१९ मध्ये त्या मासिकाच्या बोधचिन्हाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करायला कंपनी निघाली, तेव्हा माओरी समाज खवळला. रोजचा रामराम कुणी आपल्या नावावर कसा करून घेणार? कंपनीने अर्ज मागे घेतला, ते योग्यच झालं.

मला त्याहून मोठी वाटते ती त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. 'मोको' म्हणजे कुळाची ओळख सांगणारं माओरी गोंदण. ते उघड्या अंगावर दिसत असेल, तर तोवर या कंपनीत गणवेशातली नोकरी मिळत नसे. शेपटीवर चालणारं वळण कर्मचाऱ्याच्या हनुवटीवर चालत नव्हतं. ती बंदी १ सप्टेंबर २०१९ पासून उठली.