जुनी मोठी गाडी घेताना : इंजिनाची पारख

आमच्या बेळगाव भागात जुनी मोटार घेणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्यातही उंच बांध्याच्या ज्या मोठ्या गाड्यांना हल्ली सर्रास एसयूव्ही म्हणतात, त्यांना विशेष मागणी आहे. कारण उघड आहे. आपले नातेगोते कोल्हापूर, सावंतवाडी, पणजी, धारवाड असे चहूकडे पसरलेले. मध्ये चोर्ल्याचा नाही तर आंबोलीचा घाट. आणि पावसाळ्यात रस्त्यांची जी दशा होते ती सांगावयास नको. नव्या गाडीची किंमत मध्यम मिळकतीच्या कुटुंबास झेपत नाही. मग निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम किंवा पतसंस्थेचे कर्ज यांतून जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ, डस्टर वा क्रेटा दारात येते. कित्येक तरुण तर रीतसर परवाना काढून अशी गाडी भाड्याने फिरवितात आणि तिच्यावर संसार चालवितात. अशा माणसाच्या गाडीचे इंजिन उघडण्याची पाळी आली की तोटा दुहेरी होतो. दुरुस्तीचा खर्च एकीकडे, गाडी गॅरेजात उभी राहिल्याने बुडालेले भाडे दुसरीकडे. हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही.

आम्ही पेशाने शिक्षक, मिस्त्री नव्हे. तथापि गल्लीतील व नात्यातील मंडळींबरोबर गाड्या पाहावयास जाण्याचा योग आम्हांस वारंवार येतो, आणि जाणत्या मिस्त्र्यांच्या शेजारी उभे राहून पुष्कळ शिकावयास मिळते. ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बहुतेक खरेदीदार प्रथम काय पाहतात? किलोमीटरचा आकडा. आमच्या मते या आकड्याला फाजील महत्त्व दिले जाते. एक तर तो मागे फिरविता येतो, आणि फिरविणारे ते बेमालूम करतात. पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगचे आवरण चकाकणारे, ड्रायव्हरची गादी एका अंगाने बसलेली, आणि आकडा मात्र चाळीस हजार, असा प्रकार दिसला तर काय समजावयाचे ते वाचकांनीच ठरवावे. दुसरे असे की, आकडा खरा असला तरी तो अर्धीच हकीकत सांगतो. महामार्गावर एका लयीत दीड लाख किलोमीटर धावलेले आणि वेळच्या वेळी तेल बदललेले इंजिन, गावात दोन-दोन किलोमीटरच्या खेपा घालून साठ हजार झालेल्या इंजिनापेक्षा पुष्कळदा निरोगी असते. म्हणून आकड्याऐवजी तेल बदलल्याच्या नोंदी मागाव्या. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात गाडी जात असेल तर तेथे प्रत्येक खेपेची तारीख व किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला बरोबर घेऊन गेल्यास ते पाहावयास मिळू शकतात, आणि आकड्याची लबाडीही तेथेच उघडी पडते.

आता मुख्य गोष्ट. इंजिन खरे बोलते ते थंड असताना. गरम इंजिनात धातू प्रसरण पावून फटी मिटलेल्या असतात, तेल सगळीकडे पोचलेले असते, आणि दुखणी झाकली जातात. हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून "या, गाडी चालू करूनच ठेवली आहे" असे अगत्याने सांगणाऱ्यापासून जपून असावे. सकाळी लवकर जावे, आदल्या दिवशीच गाडी सुरू न करण्याविषयी सांगून ठेवावे, आणि पोचल्याबरोबर बॉनेटला हात लावून पाहावा. गरम लागल्यास नमस्कार करून दुसऱ्या दिवशी यावे.

चावी फिरविल्यावर इंजिनाच्या चिन्हाचा दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असण्याचा संभव आहे. सेल मारताच डिझेल इंजिनाने फार वेळ न घेता पकडावे. त्या पहिल्या काही सेकंदांत कान द्यावा. साखळी ढिली झालेली असेल तर खडखड ऐकू येते आणि तेलाचा दाब आला की थांबते. ती ऐकण्याची संधी दिवसात एकदाच मिळते. त्याच वेळी बरोबरच्या माणसास सायलेन्सरच्या मागे उभे करावे. थंडीत सुरुवातीस थोडा पांढरा धूर येऊन अर्ध्या मिनिटात नाहीसा झाला तर चिंता नाही. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट आत शिरत आहे, म्हणजे हेड गॅस्केटचे दुखणे असण्याचा संभव मोठा. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. रिंगा, व्हॉल्व्हची सीले किंवा टर्बो यांपैकी कोणी तरी झिजलेले आहे. काळा धूर त्यामानाने सौम्य. हवा कमी आणि डिझेल जास्त असा त्याचा अर्थ. कधी नुसत्या तुंबलेल्या एअर फिल्टरने होतो, कधी इंजेक्टरचा मोठा खर्च निघतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी आली. अशा गाडीचा धूर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वरील परीक्षा तिला पुरी पडत नाही. तिच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवावे. बोट काळे झाले तर गाळणी फुटलेली किंवा काढून टाकलेली समजावी. या गाळणीत साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकण्यासाठी गाडी बराच वेळ वेगाने धावावी लागते. मुलांना शाळेत सोडण्यापुरतीच फिरणारी डिझेल गाडी ती संधी देत नाही. काजळी तुंबते, जाळण्यासाठी सोडलेले डिझेल इंजिन-तेलात उतरते, आणि तेलाची पातळी काठीवर खाली जाण्याऐवजी वर चढलेली दिसते. तेव्हा "बाईंनी वापरलेली, गावातच फिरलेली गाडी" ही शिफारस बीएस-६ डिझेलच्या बाबतीत उलटी वाचावी. ज्यांचे स्वतःचे फिरणेच गावापुरते आहे त्यांनी पेट्रोल गाडी पाहिलेली बरी.

इंजिन चालू असताना तेल ओतण्याचे झाकण सैल करून पाहावे. किंचित हवा येणे स्वाभाविक. पण भात शिजताना पातेल्यातून वाफ यावी तसा धूर भकभक येऊ लागला तर त्याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि त्या इंजिनाचे काम जवळ आलेले असते. झाकणाच्या आतल्या बाजूस दुधाळ लगदा दिसल्यास तेलात पाणी मिसळते आहे काय याची चौकशी करावी. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे. गरम असताना उघडल्यास हात-तोंड भाजते. कूलंटवर तेलाचा तवंग नसावा.

बेल्ट की साखळी, हा प्रश्न फार थोडे खरेदीदार विचारतात. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करण्याचे काम काही इंजिनांत साखळी करते, काहींत दातेरी रबरी पट्टा. डस्टरचे दीड लिटरचे डिझेल इंजिन आणि २००९ साली भारतात आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरचे तीन लिटरचे इंजिन पट्ट्याचे. विटारा ब्रेझाचे १.३ लिटरचे डिझेल साखळीचे. पट्टा ठराविक किलोमीटरला किंवा ठराविक वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलावाच लागतो. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन बसते. पट्टा बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असेच धरून किंमत ठरवावी. तोंडी हवाल्यावर विसंबू नये.

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेची परीक्षा रस्त्यावरच होते. त्यासाठी मालकाने दाखविलेला सपाट रस्ता न घेता एखादा चढ निवडावा. चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या सुमारास ॲक्सिलरेटर पुरता दाबावा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. उभ्या गाडीत न्यूट्रलवर येणारी घरघर क्लच दाबताच थांबत असेल तर गिअरबॉक्सचे बेअरिंग गेलेले. उलट दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर दोष क्लचच्या रिलीज बेअरिंगमध्ये. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत पुढे-मागे करताना खालून 'टक्' असा ठोका आला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस झिजलेले असतात. हे काम मोठे नाही. पन्नास-साठच्या वेगात येणारी हुंकारासारखी लय ॲक्सिलरेटर सोडताच बदलत असेल तर डिफरन्शियलचे दाते बोलत आहेत, आणि हे काम मोठे आहे. ॲक्सिलरेटरने न बदलता वळणावर कमीजास्त होणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो. क्रेटासारख्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरावे. कटकट ऐकू आल्यास पुढचे सांधे गेले. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असेल तर ती जोडणी मातीच्या मैदानावर प्रत्यक्ष लावून पाहावी. बोलेरो, स्कॉर्पिओतील जोडणी कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नये, दाते ताणले जातात.

आपल्या भागापुरती एक वेगळी दक्षता घ्यावी लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर, सांगली व बेळगाव या जिल्ह्यांत वाहनेही पाण्याखाली गेली. अशी गाडी पुसूनपासून विकावयास येते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पाण्यात इंजिन चालू राहिले तर वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडचे इंजिन काही महिने ठीक चालते आणि मग एके दिवशी भर रस्त्यात फुटते. म्हणून सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गढूळ रेषा आहे काय, गाद्यांखालच्या पट्ट्यांत वाळलेला गाळ आहे काय, विजेच्या जोडांवर हिरवट बुरशी चढली आहे काय, हे पाहावे. डिफरन्शियलचे तेल थोडे काढून ते दुधाळ नसल्याची खात्री करून घ्यावी. दिल्लीकडून आलेल्या गाड्यांचीही अशीच चौकशी व्हावी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहने चालविण्यावरील बंदी उचलून धरली. तेव्हापासून तेथील कित्येक गाड्या परराज्यांत गेल्या आहेत. त्या सर्वच वाईट असतात असे नव्हे, पण इकडच्या नोंदणीवरून तिकडचा इतिहास कळत नाही.

मिस्त्री बरोबर न्यावा, आणि तो आपला असावा. मालकाने सुचविलेला किंवा व्यवहारात दलाली मिळणारा नसावा. गाडी घेतली न घेतली तरी त्याची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी, म्हणजे 'घेऊ नका' असे सांगण्याने त्याचे नुकसान होत नाही. त्याच्याकडे संगणकातील दोष वाचण्याचे यंत्र असेल तर उत्तम. जुने दोष पुसून गाडी दाखविण्याची चाल आहे; पण पुसल्यानंतर गाडीच्या अंतर्गत तपासण्या अपुऱ्या राहिलेल्या यंत्रावर दिसतात. सर्वांत अवघड प्रकरण नात्यातील गाडीचे. "घरचीच गाडी, तपासावयाचे काय?" असे म्हणून माणसे भिडेपोटी डोळे मिटून पैसे देतात, आणि पुढे लग्नकार्यात एकमेकांशी बोलत नाहीत. मिस्त्र्याला तेथेही न्यावे. भीड वाटत असेल तर बँकेचे किंवा पतसंस्थेचे निमित्त सांगावे.

ठरलेल्या किमतीशिवाय तिच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम आमच्या मते हाताशी असावी. गाडी घरी आल्याबरोबर इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांचे तेल, कूलंट, सर्व फिल्टर आणि शंका असल्यास पट्टा बदलून घ्यावा. पैसे देण्यापूर्वी इंजिनावरील व चॅसीवरील क्रमांक नोंदणीपत्राशी आकडा-आकडा जुळवून पाहावा. इंजिन बदललेले असेल तर तशी नोंद परिवहन कार्यालयात झालेली असली पाहिजे, आणि ती करून देण्याचे काम विकणाऱ्याचे आहे.