न्यूयॉर्कचा पिझ्झा आणि आमची भाकरी

न्यूयॉर्कहून परतल्यापासून चळवळीतील कार्यकर्ते भेटले की पहिला प्रश्न एकच विचारतात, "कोलंबिया विद्यापीठ पाहिले का?" पाहिले. तेथील लेहमन ग्रंथालयातील बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यासमोर उभे राहिलो, वंदन केले. त्याविषयी यापूर्वी पुष्कळांनी लिहिले आहे. आज आम्ही लिहिणार आहोत ते त्या शहरात खाल्लेल्या पिझ्झ्याविषयी.

चळवळीच्या दैनिकात पिझ्झा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण अन्नाचा प्रश्न आमच्या समाजासाठी नुसता चवीचा कधीच नव्हता. कोणाच्या हातचे खायचे, कोणाच्या पंगतीला बसायचे आणि कोणी उंबऱ्याबाहेर थांबायचे, हे ज्या देशात जन्मावरून ठरत आले, त्या देशाच्या माणसाने परक्या शहरातील खाणावळी डोळे उघडे ठेवूनच पाहिल्या पाहिजेत.

आमचा मुक्काम नदीपलीकडे जर्सी सिटीत, एका जुन्या स्नेह्याच्या मुलाकडे होता. पोरगा वस्तीत वाढला, शिष्यवृत्तीवर शिकला आणि आता संगणकाच्या कंपनीत आहे. विद्यापीठातून बाहेर पडल्यावर तो आम्हाला ब्रॉडवे रस्त्याने चालवत १११व्या गल्लीजवळच्या 'कोरोनेट' नावाच्या दुकानात घेऊन गेला. विद्यार्थ्यांचे हे जुने ठिकाण. येथे ३२ इंच व्यासाचा अवाढव्य पिझ्झा भाजतात आणि त्याचे तुकडे करून विकतात. एक तुकडा कागदी ताटलीत मावत नाही, दोन्ही बाजूंनी खाली लोंबतो. आमच्या पुढे रांगेत पाठीवर पिशव्या अडकवलेले विद्यार्थी होते, गणवेशातला एक पहारेकरी होता, साफसफाईचे काम संपवून आलेली एक बाई होती. आम्ही काटा-चमचा शोधू लागलो तेव्हा पोरगा हसला. "काका, तुकडा असा मधोमध दुमडायचा आणि थेट तोंडात घालायचा. आपण भाकरीत ठेचा घालून दुमडतो ना, तसंच." आम्ही तसेच केले. वर चीज, खाली टोमॅटोचा आंबटपणा, कड भाजून कुरकुरीत झालेली. पोट भरले.

या दुकानापासून थोड्याच अंतरावर बाबासाहेब राहिले होते. १९१३ साली ते न्यूयॉर्कला पोचले. काही दिवस हार्टले हॉलमध्ये, मग ११४व्या गल्लीतील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर त्यांनी दिवस काढले. पिझ्झा त्या काळी इटालियन वस्त्यांबाहेर फारसा पडलेला नव्हता, तेव्हा बाबासाहेबांच्या ताटाशी त्याचे नाते जोडण्याचा खटाटोप आम्ही करणार नाही. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात त्यांनी जे लिहिले आहे ते त्या रांगेत आठवल्याशिवाय राहिले नाही. युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते सांगतात. १९१७ साली बडोद्याला उतरताच राहायचे कोठे, हा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. ही जाणीव एका दिवसात पुसली गेली नसणार. रोज सकाळ-संध्याकाळ कोणाच्या तरी शेजारी बसून जेवताना, कोणीही जात न विचारता, ती थोडी थोडी पुसली गेली असणार.

आता या पिझ्झ्याचे कूळ पाहू. आपल्याकडे पिझ्झा म्हणजे काचेचे वातानुकूलित दुकान आणि वाढदिवसाची पार्टी. मुळात मात्र हे इटलीतील नेपल्स बंदरातल्या कष्टकऱ्यांचे खाणे. घरात चूल नाही, भांडी नाहीत, हातात चार पैसे, अशा माणसाने रस्त्यावर उभ्याने खाण्याची ही चपटी भाजलेली रोटी. तिच्याविषयी एक गोष्ट जगभर सांगितली जाते. १८८९ साली मार्गेरिता राणी नेपल्सला आली, तिला हा पदार्थ आवडला आणि तिच्या नावाने 'मार्गेरिटा' पिझ्झा झाला. या गोष्टीच्या पुराव्यादाखल दाखवल्या जाणाऱ्या पत्राच्या खरेपणावर अभ्यासकांनी शंका घेतली आहे. तरीही गोष्ट टिकून आहे. कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले तेव्हा त्याचा इतिहास झाला नाही, राणीने एक घास खाल्ला म्हणतात आणि इतिहास सुरू झाला! बहुजनांना ही रीत नवी नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतील लाखो भूमिहीन आणि मजूर अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या 'लिटल इटली' भागातील कोंदट चाळीत ते राहत. तेथे स्प्रिंग स्ट्रीटवर जेनारो लोम्बार्डी यांच्या दुकानात १९०५ पासून पिझ्झा विकला जाऊ लागला. कामगार तो कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून दुपारच्या जेवणाला नेत, आणि ज्याच्याकडे पुरते पैसे नसत त्याला पैशांपुरता तुकडा मिळे, असे सांगतात. 'लोम्बार्डीज' हे अमेरिकेतले पहिले पिझ्झा दुकान, असे वर्षानुवर्षे छापले गेले. अलीकडच्या संशोधनातून त्याच्याही आधी फिलिपो मिलोने या कारागिराने या शहरात पिझ्झ्याची दुकाने काढली होती, असे पुढे आले आहे. पाटीवर नाव राहिले एकाचे, भट्टी पेटवली दुसऱ्याने. मूळचे लोम्बार्डीज १९८४ साली बंद पडले आणि १९९४ साली त्याच रस्त्यावर पुन्हा उघडले. आज तेथे प्रवाशांची गर्दी असते. आम्ही तेथे साधा टोमॅटो-चीजचा पिझ्झा घेतला. भट्टीच्या आचेने खालून काळे ठिपके पडलेला, धुराचा किंचित वास असलेला. तोंडात टाकला आणि चुलीवरच्या भाकरीची आठवण झाली.

हे इटालियन लोक तेव्हा अमेरिकेत मानाने राहत होते, असा कोणाचा समज असेल तर तो दूर करावा. १४ मार्च १८९१ रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने ११ इटालियनांना ठार मारले. ते घाणेरडे आहेत, गुन्हेगार आहेत, त्यांच्या जेवणाला लसणाची घाण येते, असे उघड बोलले जाई. १९२४ सालच्या कायद्याने तर त्यांच्या येण्यावर कडक मर्यादा घातली गेली. हिणवल्या गेलेल्या या माणसांनी आपले खाणे लपवले नाही. दुकानावर स्वतःचे नाव लावले आणि दार रस्त्याकडे उघडले.

याची साक्ष पाहायची असेल तर ईस्ट हार्लेममधील 'पॅट्सीज'मध्ये जावे. १९३३ पासून पहिल्या अॅव्हेन्यूवर हे दुकान आहे. एकेकाळी येथे मोठी इटालियन वस्ती होती. पुढे पोर्तो रिकोचे लोक आले, मग मेक्सिकोचे. वस्ती बदलली, कोळशाची भट्टी तीच राहिली. येथला तुकडा पातळ, कागदासारखा. आम्ही एकामागून एक तीन खाल्ले. ग्रीनिच व्हिलेजमधील 'जॉन्स ऑफ ब्लीकर स्ट्रीट' हे १९२९ सालचे. येथे तुकडा मिळत नाही. अख्खा पिझ्झा घ्यायचा आणि चार जणांनी मिळून खायचा. लाकडी बाकांवर गिऱ्हाइकांनी कोरलेली नावे दाटीवाटीने भरली आहेत. तेथून चार पावलांवर कार्माइन स्ट्रीटचे 'जोज' आहे. नेपल्सहून आलेल्या जो पोझुओली यांनी ते १९७५ साली काढले. रात्री उशिरा कामावरून सुटलेला माणूस आणि नाटक पाहून आलेला माणूस तेथे एकाच फळीवर कोपर टेकून खाताना दिसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅसच्या भट्ट्या आल्या, धंद्याला लागणारे भांडवल कमी झाले आणि तुकडा विकणारी अशी दुकाने गल्लोगल्ली पसरली. १९८० साली एका न्यूयॉर्ककराने वर्तमानपत्रातून दाखवून दिले की, पिझ्झ्याच्या तुकड्याची किंमत आणि भुयारी रेल्वेचे तिकीट वर्षानुवर्षे बरोबरीने वाढत आले आहे. ज्याला कामावर जाणे परवडते त्याला पोट भरणेही परवडावे, असा हा हिशेब.

ब्रुकलिनमध्ये अॅव्हेन्यू जे वर 'डी फारा' आहे. डोमेनिको डी मार्को यांनी ते १९६५ साली सुरू केले. अनेक दशके बहुतेक प्रत्येक पिझ्झा त्यांनी स्वतःच्या हाताने केला. वरून तुळशीसारखी दिसणारी बेसिलची पाने ते कात्रीने कापून टाकत. लोक तासन्‌तास थांबत. २०२२ साली ते वारले तेव्हा शहरातील मोठ्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिले. पीठ मळणाऱ्या, भट्टीत हात घालणाऱ्या माणसाचा मृत्यू ही तेथे बातमी झाली. २०१७ साली तर युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याची नोंद कोठे होते, हे वाचकांनी सांगावे.

मात्र अमेरिका म्हणजे समतेचे नंदनवन, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. त्याच देशात १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दुकानातील खाण्याच्या टेबलाशी नुसते बसण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. आजही न्यूयॉर्कच्या कित्येक दुकानांत पाटी इटालियन असते आणि भट्टीपुढे घाम गाळणारा मेक्सिकोचा असतो. थंडीपावसात सायकलवरून घरोघर पिझ्झा पोचवणाऱ्यांनी संघटना बांधली, तेव्हा कोठे २०२३ च्या अखेरीस त्यांना ताशी १७.९६ डॉलर किमान वेतन लागू झाले. संघटित झाल्याखेरीज तेथेही कोणी काही देत नाही.

आता मूळ मुद्दा. जोजच्या फळीशी उभे असताना आम्ही त्या पोराला सहज विचारले, "रोज हेच खातोस का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, ऑफिसात पिझ्झा मागवला की मी निर्धास्त असतो. घरचा डबा उघडला की आपलेच देशी लोक विचारतात, हे काय आणलं, तुम्ही मूळचे कुठले, आडनाव काय. पिझ्झ्याला कोणी आडनाव विचारत नाही."

समुद्र ओलांडून, हजारो मैल जाऊन, लाखाचा पगार घेऊनही डबा उघडायची भीती वाटते! अमेरिकेत जात नाही असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. २०२३ साली सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण गव्हर्नरांनी ते नाकारले. लढा चालू आहे आणि तो आमच्या या पोराच्या डब्यापर्यंत जाऊन पोचतो.

महाडला मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर काय झाले, हे वाचकांना ठाऊक आहे. सवर्ण जमाव मंडपावर चालून आला, माणसांना मारले आणि जेवणाचे अन्न मातीत मिसळले. घास मातीत मिसळण्यामागे एकच हेतू होता : तुम्ही एकत्र बसून मानाने जेवता कामा नये. त्या अन्नाचा मान परत मिळवण्याचे काम अजून संपलेले नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली, ती या दृष्टीने मोलाची आहे. मृत जनावराचे मांस सोडण्याची शिकवण बाबासाहेबांनी आम्हाला दिली. तिचा पूर्ण मान राखूनच आम्ही हे लिहितो. पण आमच्या आयांनी ज्वारीची भाकरी, सुकट, वजडी, रानभाज्या यांतून, हाती तेल नसताना जी चव काढली, ती लाजेची गोष्ट कशी? नागपुरात विणकर हलबा-कोष्टी समाजाने आपले सावजी जेवण पाटी लावून विकले आणि आज दूरदूरचे लोक ते शोधत येतात. मग आमच्या पाट्या कोठे आहेत?

ज्या तरुणांची मुले-भावंडे न्यूयॉर्कला आहेत त्यांनी वर सांगितलेली दुकाने जरूर पाहावीत. कोरोनेट पोटासाठी, पॅट्सीज चवीसाठी, जॉन्स चार मित्रांसाठी, डी फारा कारागिराला वंदन करण्यासाठी. आणि जे येथे बेकार आहेत, ज्यांच्या आईच्या हाताला चव आहे, त्यांनी गाडी टाकावी, खाणावळ काढावी, तिला आपल्या आईचे नाव द्यावे. गिऱ्हाईक कोणत्याही जातीचे येवो, त्याला रांगेत उभे करावे आणि सगळ्यांना सारखे वाढावे.

निघायच्या आदल्या रात्री त्या पोराच्या बायकोने ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, सोबत सुकटीची चटणी केली. उरलेल्या दोन भाकऱ्या त्याने सकाळी डब्यात भरल्या. आम्ही काही बोललो नाही. त्यानेच जाताना सांगितले, "काका, आज विचारलं तर सांगणार आहे."

जय भीम.