ऐकू कमी येते म्हणून कान जपू नयेत काय?

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याचे रूळ आज देशभर अंथरलेले आहेत. परंतु जेथे पोलाद घडते तेथे गर्जनाही असते. हवेचे प्रचंड झोत, लोखंड कापणाऱ्या करवती आणि आदळणारे जड तुकडे यांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या कानांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. मोठ्या आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाची नोंद 1948 च्या कारखाना कायद्याच्या रोगसूचीतही करण्यात आली होती.

अशा माणसाला श्रवणयंत्र मिळाले की घरची मंडळी सुखावतात. तो स्वतः मात्र म्हणतो, "आता आणखी काय बिघडायचे राहिले आहे?" वाचकहो, येथेच मोठी चूक होते. अंतःकर्णातील ज्या सूक्ष्म केशपेशी ध्वनी टिपतात, त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र उरलेल्या पेशींच्याच आधारावर चालते. त्याही गेल्या, तर उत्तमात उत्तम यंत्रही फारसे कामास येत नाही.

कित्येकांची समजूत असते की, यंत्र बंद करून कानात ठेवले म्हणजे बोळा घातल्यासारखेच झाले. तसे नाही. अनेक यंत्रांच्या कानातील भागाला हवेसाठी छिद्र असते; त्यातून गोंगाट सरळ आत शिरतो. यंत्र चालू ठेवले, तर तो गोंगाट वाढूनही कानी पडू शकतो. कापसाच्या बोळ्यानेही पुरेसे रक्षण होत नाही.

मग करावे काय? यंत्र काढून कोरड्या डबीत ठेवावे आणि मापाचे संरक्षक बोळे अथवा संपूर्ण कान झाकणारा इअरमफ घालावा. इअरमफखाली यंत्र वापरावयाचे असल्यास श्रवणतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा. धोक्याचा भोंगा ऐकू येणार नाही, हे ओळखून दिव्याच्या खुणेची व सोबत्याची व्यवस्था आधीच करून घ्यावी.

वेळेचा हिशेबही ध्यानात असावा. 85 डेसिबेलचा आवाज दिवसाला 8 तासांहून अधिक सोसू नये, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. दर 3 डेसिबेलमागे ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबेलला ती केवळ 15 मिनिटे उरते. मात्र आवाज किती मोठा आहे याचा निवाडा अधू कानाने करू नये. हातभर अंतरावरून बोलण्यासही ओरडावे लागते काय, हे चांगले ऐकू येणाऱ्या सोबत्याला विचारावे.

दिवाळीचे फटाके आणि मिरवणुकीतील ध्वनिक्षेपक यांनाही हाच नियम लागू आहे. तेव्हा आजोबांना ध्वनिक्षेपकासमोरच्या मानाच्या खुर्चीवर बसवू नका. त्यांना दूरची जागा द्या. नातवंडाची हाक ऐकण्याइतके जे उरले आहे, तेच आता त्यांचे धन आहे.