चूक कार्यालयाची, वसुली पेन्शनरची

निवृत्ती जवळ आली की सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी वेतननिश्चिती चुकली होती, हे तेव्हा उघडकीला येते. मग ‘अतिप्रदान’ झालेली रक्कम ग्रॅच्युइटीतून किंवा पेन्शनमधून कापण्याचा आदेश निघतो. ती वेतननिश्चिती लिपिकाने किंवा शिपायाने स्वतः केलेली नसते, तिच्याखाली सही वरिष्ठांची असते. हातात आलेला पगार आपला समजून त्याने घर चालवलेले असते. म्हणून वसुलीआधी चूक कोणाची आणि ती किती वर्षे कोणी तपासली नाही, याचा हिशेब झाला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात हीच दिशा घेतली. वर्ग ३ व ४ चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत आलेले, यांपैकी कोणाकडूनही वसुली करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. चुकून वरच्या पदाचे काम करवून घेऊन त्याचा पगार दिला असेल, तर तोही परत मागता येत नाही. शिवाय सरकारच्या हक्कापेक्षा कर्मचाऱ्यावरचा अन्याय जड ठरेल अशी कोणतीही वसुली न्यायालय रोखू शकते. केरळमधील शिक्षक थॉमस डॅनिअल १९९९ मध्ये निवृत्त झाले होते, त्यांच्याकडून मागितलेली रक्कम न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. फसवणूक किंवा खोटी माहिती असेल, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही आणि मिळूही नये.

पैसा करदात्यांचा आहे, तो सोडायचा कसा, हा आक्षेप खरा आहे. २०१२ च्या चंडीप्रसाद उनियाल निकालात न्यायालयानेच तो मांडला होता. त्याहून अवघड अडचण हमीपत्राची. जादा दिले गेल्यास परत करीन, असे वेतन आयोगाच्या वेळी लिहून घेतले जाते, आणि २०१६ च्या जगदेव सिंग निकालात अशा हमीपत्रामुळे वसुली वैध ठरली. पण तिथे कर्मचारी न्यायिक अधिकारी होता, आणि तरीही रक्कम दोन वर्षांच्या समान हप्त्यांत घ्यावी असे न्यायालयाने बजावले. छापील नमुन्यावर सही केल्याशिवाय ज्याला नवा पगारच मिळणार नाही, त्या शिपायाची संमती त्याच मापाने मोजणे मला पटत नाही.

नोटीस आली की घाबरून संमतिपत्र लिहून देऊ नये. कोणत्या तारखेपासून, कोणत्या नियमाने, किती जादा दिले, याचा तक्ता लेखी मागावा, तो मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांतील १३४-अ नुसार पेन्शनरला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते आणि वसुलीसाठी हप्तेही मिळू शकतात. उत्तरात वसुलीला हरकत घ्यावी आणि ती फेटाळली गेल्यास हप्ते द्यावेत, अशी पर्यायी मागणीही जोडावी, त्याने हरकत दुबळी होत नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (‘मॅट’) जावे, त्यासाठी अंतिम आदेशापासून साधारण एक वर्षाची मुदत असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मात्र उच्च न्यायालयातच दाद मागावी लागते.